बिनकाठाची ताटं

वीरधवल पहिल्यांदा माझ्या शेडवर आला, तेव्हा त्यानं मला मोबाईलमध्ये एका परदेशी हॉटेलातल्या ताटाचा फोटो दाखवला. ताट काळं होतं, पोळपाटासारखं सपाट. मधोमध मुळ्याचा एक तुकडा आणि त्याच्या बाजूला हिरवे तीन ठिपके. बाकी ताट रिकामं.

"असं पाहिजे मॅडम," तो म्हणाला. "बघितल्या बघितल्या माणूस शांत झाला पाहिजे."

"उपाशी राहिल्यावर होईलच," मी म्हणाले.

तो मोकळेपणानं हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

माझी ओळख करून द्यायची तर, मी अक्षता. गाव आष्टा. कराडला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि साताऱ्याच्या एका कंपनीत तीन वर्षं बोल्टची जाडी मोजली. एक दिवस लक्षात आलं की बोल्ट माझ्याशिवायही तेवढेच जाड राहणार आहेत. मग नोकरी सोडून पाँडिचेरीजवळ एका बाईंकडे दोन वर्षं मातीकाम शिकले. घरच्यांनी ते समजुतीनं घेतलं, म्हणजे आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. परत येऊन साताऱ्याच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतली. एका बाजूला प्लॅस्टिकच्या क्रेटचा कारखाना, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगचा, आणि मध्ये मी, एक चाक आणि गॅसवरची भट्टी. आजूबाजूचे कामगार जेवणाच्या सुट्टीत दारातून डोकवायचे. कुणाला लोणच्याची बरणी हवी असायची, कुणाला विजेच्या खांबावर बसवतात ते पांढरे कप. मी जेवायची ताटं करते म्हटल्यावर ते सहानुभूतीनं बघायचे आणि निघून जायचे.

त्यामुळं साठ ताटं मागणारा वीरधवल हा माझ्यासाठी साधा माणूस नव्हता. साताऱ्याहून कराडकडे जाताना हायवेला लागून त्यांची उसाची जमीन होती. तिच्या एका कोपऱ्यावर त्यानं हॉटेल बांधायला काढलं होतं. हॉटेल म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. तो त्याला 'डायनिंग एक्स्पिरियन्स' म्हणायचा. नाव ठेवलं होतं 'मृण्मय'. पाटी लागली त्या दिवसापासून गावातली माणसं 'मरणमय' वाचत होती.

"आणि मॅडम, जरा वाकडं पाहिजे," तो म्हणाला. "हातानं केलंय हे दिसलं पाहिजे."

माझी दोन वर्षं ताट सरळ यावं यासाठी गेली होती. बाई माझं वाकडं ताट उचलायच्या, काही न बोलता बादलीत टाकायच्या आणि पुन्हा माती मळायला सांगायच्या. आता चाकावरून सरळ उतरलेल्या ताटाला मी कोपरानं हळूच धक्का देणार होते. वीरधवल त्याला 'ऑरगॅनिक' म्हणाला.

"जेवण काय असणार?" मी विचारलं.

"आपलंच. गावाकडचं. मटण, तांबडा-पांढरा, भाकरी, खर्डा. पण प्लेटिंग वेगळं."

"मग रस्सा कशात?"

"ह्याच्यातच."

"सपाट ताटात रस्सा?"

"रस्सा ठिपक्यांत असेल मॅडम. आमचा शेफ पुण्याहून येतोय."

पुण्याहून येणाऱ्या माणसाला रश्शाचे ठिपके पाडता येत असतील, असं मी धरून चालले. तरी म्हटलं, "निदान बोटभर काठ तरी ठेवू."

"नको नको," तो दचकून म्हणाला. "काठ आला की घरगुती वाटतं."

मी काम घेतलं. कशाला खोटं बोलू, मला ते हवं होतं. साठ ताटं, साठ वाट्या आणि साठ कप. तेवढी भट्टी भरायला मिळणं ही चैन असते. काळ्या ताटांबरोबर मी स्वतःच्या हौसेखातर एक वेगळा ग्लेझ करून बघत होते. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून उसाच्या चिपाडाची राख आणायची, पाण्यात धुवायची, बारीक कापडातून गाळायची आणि मातीत कालवून कच्च्या भांड्यावर चढवायची. भट्टीत ती बाराशे अंशांच्या वर वितळते आणि भांड्यावर काचेसारखी बसते. पहिल्यांदा ती भट्टी उघडली तेव्हा मी नुसती बघत उभी राहिले. हिवाळ्यात सकाळी कृष्णेच्या पाण्याला असतो तसा करडा-हिरवा रंग. जिथं ग्लेझ जाड बसला तिथं गडद आणि कडेला जिथं पातळ झाला तिथं भाजल्या भाकरीच्या डागासारखा तांबूस. एकाच राखेतून आलेली दोन भांडी सारखी नव्हती. वीरधवलला दाखवलं. त्यानं डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाला, "छान आहे, पण ब्रँडला जात नाही. वाट्या आणि कप करा ह्याचे." म्हणजे जगातल्या सगळ्यात सुंदर राखेनं कपबशीवर भागवायचं होतं.

त्या रविवारी आष्ट्याला गेले ते एक कप पिशवीत घालूनच. माझी आजी, पारूबाई, पंच्याऐंशीच्या पुढची. कान थोडे गेलेत, जीभ शाबूत आहे. तिला त्या कपात चहा दिला. तिनं दोन्ही हातांनी कप धरला आणि त्याचा कान अंगठ्यानं दोनदा चाचपला.

"घट बसलाय गं कान," ती म्हणाली.

"मग? निघायला कशाला बसवीन?"

"माझ्या कपाला कान नसायचा." ती चहा फुंकत म्हणाली. "भांगलायला जायचो न्हवं, त्या मळ्यात. मालकाच्या घरी माझी कपबशी वळचणीला खोचलेली. मीच काढायची, वरनं च्या ओतायचे, मीच धुवायची, पुन्यांदा मीच खोचायची. एक डाव कान तुटला. नवा कोन देतंय? वीस वरसं तसल्याच कपात प्याले. बोटं भाजायची."

हे ती 'आज आमटीत मीठ कमी झालं' इतक्या सहज म्हणाली. मी वीरधवलच्या हॉटेलाचं सांगितलं. मोठी माणसं येणार, माझ्या ताटात जेवणार, माझ्या कपात चहा पिणार.

आजीनं कप खाली ठेवला. "उद्‌घाटन कवा हाय?"

"पुढच्या शनिवारी."

"मला न्ये."

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही पोचलो. आजीनं इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. बाहेर मळ्यातच गाड्यांची रांग, आत मंद दिवे, भिंतीला मुद्दाम न गुळगुळीत केलेला गिलावा आणि कोपऱ्यात नवंकोरं जातं, ज्याच्यावर कुणी कधी दळणार नव्हतं. वीरधवलचे वडील लालासाहेब दारात उभे होते. फौजेतून सुभेदार मेजर होऊन रिटायर झालेले, ताठ, मिशा पांढऱ्या. त्यांच्या ओळखीचे दहा-बारा रिटायर फौजी आले होते, शिवाय पाहुणे, साताऱ्याचे वकील-डॉक्टर आणि फोटो काढणारी पोरं.

प्रत्येक टेबलावर, प्रत्येक ताटाशेजारी एक कार्ड ठेवलं होतं. मी उचलून वाचलं.

'आपण ज्या ताटात जेवणार आहात, ते सात पिढ्यांचा वारसा असलेल्या कुंभार घराण्यातील कन्येने, पणजोबांच्या चाकावर घडवले आहे. माती बोलते. ऐका.'

माझ्या पणजोबांचं चाक कोईमतूरहून ट्रान्सपोर्टनं आलं होतं. त्याला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर होती आणि वॉरंटी संपायला अजून चार महिने होते.

मी वीरधवलला बाजूला घेतलं. "हे काय लिहिलंय?"

"आवडलं ना? पुण्याच्या एजन्सीनं लिहून दिलं."

"मी कुंभार नाही."

"अहो मॅडम, तुम्ही मडकी... म्हणजे भांडी करता. तेच ते. लोकांना स्टोरी लागते."

"मग खरी लिही. आष्ट्याची मुलगी, मेकॅनिकल इंजिनिअर, आजी शेतात मजुरी करायची."

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे... तुम्ही नेमक्या कुठल्या?"

मी सांगितलं.

"हां, हां. नाही, मला तर काहीच प्रॉब्लेम नाही," तो घाईनं म्हणाला. हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आले आहे, आणि ज्यांना काहीच प्रॉब्लेम नसतो त्यांनाच ते म्हणायची गरज का पडते हे मला अजून कळलेलं नाही. "पण आजच्या दिवस राहू दे ना मॅडम. घरची जुनी माणसं आहेत. पाहुणे आहेत. आता कार्डं उचलली तर बरं दिसणार नाही."

मी आजीला घेऊन सरळ घरी निघाले असते. पण वळून बघते तर आजी जाग्यावर नव्हती. म्हातारी बाई एकटी उभी आहे म्हणून लालासाहेबांनी तिला हाताला धरून आपल्याच टेबलावर नेऊन बसवलं होतं. तिथं त्यांची बायको मनुबाई होती, शेजारी चुलतभाऊ उदयसिंह आणि त्यांच्या मिसेस. मीही जाऊन बसले. दुसरा इलाज नव्हता.

जेवण आलं. काळ्या सपाट ताटात मधोमध मटणाचे दोन तुकडे, एकमेकांच्या आधारानं उभे केलेले. बाजूला भाकरीचा एक त्रिकोण आणि त्याच्या कडेनं तांबडे पाच ठिपके, पांढरे चार.

लालासाहेबांनी चष्मा लावला. "ह्ये काय, सॅम्पल?"

"सर, हे मेन कोर्स आहे," वेटर म्हणाला.

"आन रस्सा?"

वेटरनं अदबीनं ठिपके दाखवले.

लालासाहेब काही क्षण त्या ठिपक्यांकडं, नकाशावर शत्रूची ठाणी बघावीत तसे बघत राहिले. पलीकडच्या टेबलावरचा एक फौजी ओरडला, "मेजर साब, राशन कम पड गया क्या?" सगळे हसले. लालासाहेब हसले नाहीत. त्यांनी वेटरला जवळ बोलावलं. "जा, आत जा. रश्शाचं पातेलंच घिऊन ये. आन भाकऱ्या आक्क्या आन, त्रिकोन बिरिकोन नगं."

पुण्याच्या शेफनं विरोध केला असावा, कारण आतून थोडा आरडाओरडा ऐकू आला. पण सुभेदार मेजरांपुढं पुण्याचा टिकाव लागला नाही. पातेली आली, ओगराळी आली आणि वाट्या आधीच सोलकढीनं भरलेल्या असल्यामुळं वाढपी मंडळींनी लग्नात वाढतात तसा सढळ हातानं तांबडा रस्सा सपाट ताटांत ओतायला सुरुवात केली.

पुढचं सांगायला इंजिनिअर लागत नाही. रस्सा ताटाच्या मध्यावर क्षणभर थांबला आणि मग चारी दिशांनी निघाला. टेबलाची कड आली, मांड्या आल्या. उदयसिंहकाकांची पांढरी पँट गेली. एका वकिलांनी ताट उचलून तोंडाला लावायचा प्रयत्न केला आणि त्यांचा शर्ट गेला. फोटो काढणाऱ्या पोरांना पहिल्यांदाच काहीतरी काढण्यासारखं मिळालं. पण फौजी मंडळींनी डोकं चालवलं. शेवटी सगळे ऊसवाले. त्यांनी भाकरी मोडून ताटाच्या कडेनं गोल मांडली आणि रश्शाला बांध घातला. पाणी कुठून फुटतंय ते बघत, जिथं फुटेल तिथं आणखी तुकडा लावत ते आनंदानं जेवू लागले. आमच्या टेबलावर सगळ्यात मजबूत बांध आजीचा होता. मनुबाईंनी तो बघून आपल्या भाकऱ्या तिच्यापुढं सरकवल्या. "माझा बी घाला आवं. तुमास्नी जमतंय."

इथपर्यंत संध्याकाळ छान चालली होती.

उदयसिंहकाकांच्या मिसेस कार्ड वाचत होत्या. त्यांच्या हातात नळी होती आणि तोंडावर रस्सा. "किती गोड ना! सात पिढ्या! बघितल्यावरच कळतं, कला रक्तातच असावी लागते." मग त्या आजीकडं वळल्या. "आजी, तुमचे मालक पण मडकी करायचे?"

आजीनं घास गिळला. "न्हाई बाई. आमी कुंभार न्हाई. आमी बौद्ध. माझं मालक कारखान्यावर हमाली करायचं. सात पिढ्यांत ही पैलीच पोरगी, मातीची भांडी करनारी. मातीत राबलेल्या मातर समद्या."

ती मोठ्यानं बोलते, कान गेल्यामुळं. दोन-तीन टेबलांपर्यंत ऐकू गेलं.

उदयसिंहकाकांच्या मिसेसनी नळी हळूच ताटात ठेवली. मग ताटाकडं बघितलं. मग वाटीकडं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आज माझी संकष्टी, मी विसरलेच की." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. संकष्टी चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती आणि रुमालाला मटणाचा तांबडा कट लागला होता. देवालासुद्धा कठीण जावं असं गणित.

वीरधवल धावत आला. "आजी गंमत करतात हं. खूप विनोदी आहेत."

"गंमत कशाची?" आजी म्हणाली. "तुला काय खोटं वाटतंय?"

लालासाहेबांनी हात पुढं केला. "कारड बघू." त्यांनी ते दोनदा वाचलं. ओठ हलत होते. "कुणी लिवलं ह्ये?"

"आबा, ते मार्केटिंग असतं..."

"तुला म्हाईत हुतं?"

वीरधवलनं शेजारचं कार्ड उचलून खिशात घातलं.

"पलटनीत असा रिपोर्ट दिला असता तर पट्ट्या उतरवल्या असत्या माझ्या. समदी कारडं गोळा कर. आत्ता. मोजून माझ्याकडं दे."

मग ते आजीकडं वळले. मला वाटलं ते माफी मागतील किंवा काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "आवं, जेवा तुमी. बांध फुटाय लागलाय."

इथं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, असं सांगायला मला आवडलं असतं. पण एका टेबलाला अचानक कोल्हापूरला पोचायचं आठवलं. दुसऱ्या टेबलावरच्या दोघांनी चहा नको म्हटलं, गॅस होतो म्हणून. बाकीचे जेवत राहिले. त्यांची मनं मोठी होती की मटण चांगलं होतं, हे मी नक्की सांगू शकत नाही. मटण खरंच चांगलं होतं. आजीनं दोनदा घेतलं. मला मात्र घास उतरेना. कार्डाचा राग होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला होता. ही ताटं वाईट होती. रस्सा सांडणारं ताट मी जाणून-बुजून केलं होतं, एका फोटोसाठी. पाँडिचेरीच्या बाईंनी ती साठच्या साठ बादलीत टाकली असती.

सोमवारी मी वीरधवलला फोन करून सांगितलं, केलेली भांडी तुझी, पुढचं काम मी करणार नाही. तो "मॅडम, तुम्ही पर्सनली घेताय" म्हणाला. मी फोन ठेवला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारी रिक्षातून मनुबाई शेडवर उतरल्या. काखेत पिशवी. घाम पुसत त्यांनी आधी भट्टी बघितली, मग चाक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"धवल्याला सांगू नगंस मी आले ते," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक जुनी पितळी काढली, आमच्याकडं जेवायला असते तशी, उभ्या काठाची. पाठोपाठ फडक्यात बांधलेली भाकरी आणि डब्यात आमटी निघाली. "त्या येळंला तू जेवली न्हाईस. म्या बघितलं. ते ऱ्हाऊ दे. आता मी काय करतीया ते नीट बघ."

त्यांनी माझ्या कामाच्या टेबलावर पितळी ठेवली आणि भाकरी कुस्करायला घेतली. मी इंजिनिअर झाले, मातीकाम शिकले, जन्मभर भाकरी कुस्करून खाल्ली, पण माणूस ती कशी कुस्करतो हे कधी बघितलं नव्हतं. चार बोटं भाकरी मोडतात, अंगठा ती काठाकडं रेटतो, काठ तिला परत आत ढकलतो. काठ नसेल तर अंगठ्याला टेकायला जागाच नाही. आमटी ओतल्यावर काला एका बाजूला गोळा करायचा तोही काठाच्या भरवशावर. काठ दोन बोटं उंच हवा, किंचित बाहेर कललेला, आणि बूड मधे थोडंसं खोलगट, म्हणजे शेवटचा रस्सा एका जागी जमतो. मी फूटपट्टी घेऊन त्यांच्या हाताची मापं घेत होते आणि त्या खुशाल जेवत होत्या.

"आन ती उदयसिंगाची," त्या मधेच म्हणाल्या, "तिला संकष्टी कवापासनं कळाय लागली? गनपतीलाबी ठावं नसंल." थोडा वेळ त्या काला कालवत राहिल्या. "तिला नावं ठेवून मी काय साजूक होनार न्हाई म्हना. सासूच्या हाताखाली म्या बी लय कायकाय केलंय. ते आता सांगून काय उपेग." त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "घे, तू बी खा."

मी खाल्लं. त्याच पितळीत, त्यांच्या समोर बसून. आमटी झणझणीत होती.

काठाचं ताट काही लगेच जमलं नाही. पहिल्या भट्टीत सगळे काठ आत झुकले, रुसल्यासारखे. दुसऱ्या भट्टीत राखेचा ग्लेझ वितळून काठावरून ओघळला आणि ताटं खालच्या फळीला अशी चिकटली की छिन्नीनं फोडून काढावी लागली. शेजारच्या स्प्रिंगवाल्यांनी आवाज ऐकून विचारलं, पाडकाम काढलंय का. तिसऱ्या वेळी मी काठ जरा जाड ठेवला आणि ग्लेझ बुडापासून बोटभर वर थांबवला. भट्टी थंड व्हायला दीड दिवस लागला. दार उघडलं आणि आतून करडी-हिरवी गोल तळी एकावर एक रचल्यासारखी दिसली, प्रत्येकाच्या काठावर तांबूस रेघ. मी त्यातल्या एकात घरचा तांबडा रस्सा ओतून बघितला. त्या हिरव्यावर तो लाल, वर तेलाचा कट चमकतोय आणि एक थेंबही बाहेर नाही. फोटो मी काढला नाही. भूक लागली होती.

मनुबाईंनी घरासाठी सहा ताटं नेली. घरात ताटं आली म्हणजे वीरधवलनं बघितली. दोन दिवसांत तो शेडवर हजर.

"मॅडम, हीच पाहिजेत मला. काळी बंद करतोय. लोक कपड्यांबद्दल फार बोलतात." मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "आणि कार्डाचं मी मनावर घेतलंय. आबा बरोबर होते. म्हणून आता खरी स्टोरी लिहिली. ऐका: 'वळचणीच्या कपापासून...'"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आजींनीच. त्या दिवशी आईशी बोलताना. मॅडम, ही तर सात पिढ्यांपेक्षा भारी स्टोरी आहे! लोक रडतील. आजींचा एक फोटो मिळेल का, हातांचा? सुरकुत्या दिसतील असा?"

त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं. तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच जास्त त्रास होत होता. वाईट माणसाला हाकलून तरी देता येतं.

"वीरधवल," मी म्हणाले, "आजीचा कप तिचा आहे. तो तुझ्या मेनूवर येणार नाही. ताटाच्या बुडाला माझं नाव आणि गाव असेल, अक्षता, आष्टा, एवढंच. कार्ड ठेवायचं नाही."

"पण बूड कोण बघणार?"

"ज्याला बघायचंय तो बघेल. बाकीच्यांनी जेवावं."

"आणि लोकांनी विचारलं, हे कुणी केलं, तर?"

"तर सांग, अक्षतानं. लाजू नकोस."

त्यानं कागदाची पुन्हा घडी घातली, बऱ्याच जड हातानं. पण ताटं त्याला हवी होती.

'मृण्मय' आता बरं चालतं. शेफ पुण्याला परत गेला आणि स्वयंपाकघर मनुबाईंच्या देखरेखीखाली आलं. मध्यंतरी कुठल्याशा चॅनेलला वीरधवलनं मुलाखत दिली. त्यात तो म्हणाला की काठ ही आमची पहिल्यापासूनची डिझाईन फिलॉसॉफी आहे. उदयसिंहकाकांच्या मिसेस त्यांच्या भिशीच्या मैत्रिणींना घेऊन तिथं जेवून आल्या आणि माझ्या वाटीतल्या सोलकढीचा फोटो टाकून त्याखाली त्यांनी 'आपली माती, आपली माणसं' असं लिहिलं. मी त्याला लाईक दिलं. मन मोठं असावं माणसाचं.

मागच्या महिन्यात आष्ट्याला गेले तेव्हा आजीसाठी एक ताट नेलं. तिनं हातात घेऊन बघितलं आणि नाक मुरडलं.

"जड हाय गं."

"वापरून तर बघ."

त्यात गरम भात आणि आमटी वाढली. आजीचे दात आता थोडेच उरलेत, जेवायला तास लागतो. स्टीलच्या ताटात तिचा भात दुसऱ्या घासालाच निवायचा आणि उरलेलं जेवण ती थंडगार गिळायची, कुणाला न सांगता. आम्ही घरातलं कुणीही हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती निवांत जेवत होती. अर्ध्या तासानं तिनं ताटाच्या बुडाला हात लावून बघितला, मग भातात बोट घालून बघितलं.

"अक्षे," ती म्हणाली, "ऊन हाय गं अजून."

आणि तिनं आणखी भात मागितला.